स्कायडायव्हिंगच्या इन्स्ट्रक्टरला टिप: कुणाला, किती, कधी, कशी

दुबईला निघालेल्या सोलापूरकरांच्या यादीत हल्ली बुर्ज खलिफाच्या जोडीला पाम जुमेरावरची टँडेम उडीही असते, म्हणजे इन्स्ट्रक्टरला जोडून घेऊन दोघांनी मिळून विमानातून मारायची उडी. वजनाची मर्यादा, व्हिडिओ, रद्द झालं तर पैसे परत मिळतात का, हे सगळं बुकिंगच्या वेळी विचारून होतं. इन्स्ट्रक्टरला काही द्यायचं का, हे मात्र जमिनीवर उतरल्यावर आठवतं, आणि तेव्हा खिसा रिकामा असतो. तो रिकामाच असायला हवा. उडीच्या वेळी पाकीट, मोबाइल, किल्ल्या, सुटे पैसे सगळं लॉकरमध्ये ठेवायला सांगतात, कारण ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात खिशातलं काहीही बाहेर येऊ शकतं. म्हणून टिपची तयारी आदल्या दिवशीच करायची.

आधी एक गैरसमज काढून टाकू. टिप दिली की इन्स्ट्रक्टर जास्त काळजी घेईल, असं काही नसतं. टँडेममध्ये तुमचा हार्नेस, म्हणजे अंगावर चढवलेला पट्ट्यांचा साज, त्याच्या हार्नेसला चार ठिकाणी जोडलेला असतो, दोन खांद्यांशी आणि दोन कमरेशी. पॅराशूटही दोघांत मिळूनच असतं. तुमचं जे होईल तेच त्याचं होणार. त्यामुळे टिप हा विमा नाही. तुम्हाला समजावून सांगितलं, धीर दिला, नीट उतरवलं, त्या वागण्याबद्दलचे ते आभार आहेत. ती सक्तीची कुठेच नाही, पण प्रथा देशागणिक बदलते.

अमेरिकेत ती जवळजवळ गृहीत धरलेली असते. तिथे बऱ्याच ठिकाणी इन्स्ट्रक्टरला महिन्याचा पगार नसतो, उडीमागे पैसे मिळतात. वारा वाढला किंवा ढग आले की विमान उडत नाही, आणि त्या दिवसाची कमाईही नाही. शिवाय हे काम कालपरवा शिकून करता येत नाही. तिथल्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनचं टँडेम इन्स्ट्रक्टरचं रेटिंग, म्हणजे पात्रता, मिळवायला किमान 500 उड्या आणि या खेळातली तीन वर्षं लागतात. म्हणून 20 ते 50 डॉलर देण्याची पद्धत आहे. मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांना हा आकडा ऐकून धक्का बसतो, पण तिकिटाच्या किमतीच्या दहा ते वीस टक्के असा हिशेब लावला की तो तिथल्या हॉटेलातल्या टिपइतकाच भरतो.

दुबईत देणारे देतात, न दिल्यास कुणी तोंड वाकडं करत नाही. द्यायचे तर 50 ते 100 दिरहम पुरे. स्वित्झर्लंडमध्ये दहा-वीस फ्रँक दिले तर आनंदाने घेतात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात टिपची प्रथाच नाही. तिथे नोटा पुढे केल्या तर माणूस थोडा अवघडतो. मनापासून हस्तांदोलन आणि रात्री हॉटेलवर जाऊन इन्स्ट्रक्टरच्या नावासकट लिहिलेला चांगला रिव्ह्यू, एवढं तिथे योग्य. खरं तर नावासकट रिव्ह्यू सगळीकडेच लिहावा. ‘स्टाफ छान होता’ यातून कुणालाच काही मिळत नाही.

भारतात हरियाणातल्या नारनौलला टँडेम उड्या होतात. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली गाठायची आणि तिथून पुढे रस्त्याने. इथे ठरलेला दर असा नाही. पाचशे ते हजार रुपये दिले तर ते व्यवस्थित वाटतं, आणि युपीआय चालतं. कामशेतला पॅराग्लायडिंग करणाऱ्यांनीही हाच विचार करावा, फक्त तिकीट कमी असल्याने रक्कमही कमी, दोनशे-तीनशे.

आता कुणाला द्यायची. इथेच जास्त घोळ होतो. टँडेम इन्स्ट्रक्टर एक, हे सगळ्यांना कळतं. व्हिडिओचे मात्र दोन प्रकार असतात. इन्स्ट्रक्टरच्या मनगटावर कॅमेरा असेल तर तोच चित्रीकरण करतो, म्हणजे टिप एकालाच. दुसऱ्या प्रकारात हेल्मेटवर कॅमेरा लावलेला वेगळा माणूस तुमच्यासोबत विमानातून उडी मारतो आणि समोर राहून चित्रीकरण करतो. तुमच्या जोडीचा वेग आवरायला पाठीमागे एक छोटं ड्रोग पॅराशूट सोडलेलं असतं. कॅमेरावाल्याजवळ तसं काही नसतं, तरी हातपाय पसरून-आवरून त्याला तुमच्याच वेगाने खाली यावं लागतं. हे सोपं काम नाही. इन्स्ट्रक्टरला जेवढे देता त्याच्या निम्मे त्याला वेगळे द्यावेत. पॅराशूटची घडी घालणारे पॅकर वेगळे असतात, पण त्यांना टिप द्यायची पद्धत पर्यटकांत नाही.

नवराबायको दोघं उडी मारणार असतील तर इन्स्ट्रक्टर दोन, आणि बाहेरचा व्हिडिओ घेतला असेल तर कॅमेरावालेही दोन. अमेरिकेत तीस आणि पंधरा असा हिशेब धरला तर एकूण 90 डॉलर होतात. हा खर्च बजेटमध्ये आधीच धरा. चौघांची टिप मिळून एकाच्या हातात देऊन ‘वाटून घ्या’ म्हणणं टाळा. पाच मिनिटांत त्यांच्यातला एक पुढच्या विमानात बसलेला असतो, आणि वाटणीचं ओझं ज्याच्या हातात पैसे दिले त्या बिचाऱ्यावर.

पैसे त्याच देशाच्या चलनातले आणि रोख न्यावेत. भारतीय रुपये परदेशी इन्स्ट्रक्टरच्या काही कामाचे नाहीत, आठवण म्हणून दिले तर गोष्ट वेगळी. सोलापुरात बँकेतून किंवा अधिकृत मनी चेंजरकडून चलन घेताना छोट्या नोटा मागून घ्या. न मागता शंभर-शंभर डॉलरच्या नोटा हातात पडतात, आणि ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्या होतात त्या ठिकाणी, सुटे मागत फिरणं फार वाईट दिसतं. नाहीच मिळाल्या तर तिकडच्या विमानतळावर पाण्याची बाटली घेऊन नोट मोडावी. फॉरेक्स कार्डवरून काउंटरवर टिप जोडता येत असेल तर आधी विचारा की ती रक्कम त्याच इन्स्ट्रक्टरला मिळते का. काही ठिकाणी ती सगळ्यांत वाटली जाते. बिलही एकदा वरपासून खालपर्यंत वाचा, ग्रॅच्युइटी, म्हणजे टिपच, आधीच लावलेली असेल तर दुसऱ्यांदा द्यायचं कारण नाही.

नोटा साध्या पाकिटात घालून लॉकरमध्ये ठेवा. लग्नातलं रुपया चिकटवलेलं आहेराचं पाकीट नेऊ नका. 501 चा मान आपल्याला कळतो, पण तो माणूस ते पाकीट घाईत जंपसूटच्या खिशात कोंबतो आणि मग नाणं नको तिथे सुटतं. पाकिटावर इन्स्ट्रक्टरचं नाव लिहायला जागा सोडा. नाव ओळख करून देताना ऐकू येतं, पण भीतीने डोक्यात राहत नाही, म्हणून कुणा सोबत्याला लगेच मोबाइलवर लिहून ठेवायला सांगा.

द्यायची वेळ म्हणजे उतरल्यावर, हार्नेस काढून झाल्यावर. त्या आधीची कुठलीही वेळ चुकीची. विमानात तर अजिबात नको. दार उघडण्याआधीची काही मिनिटं इन्स्ट्रक्टर तुम्हाला स्वतःजवळ ओढून कमरेचे पट्टे आवळत असतो, चारही जोड हाताने चाचपून पाहत असतो. त्या वेळी फक्त तो सांगेल ते ऐकायचं. लँडिंगच्या क्षणीही तेच. ‘पाय वर’ म्हटलं की गुडघे उचलून पाय समोर धरायचे. खाली लोंबकळत राहिले तर आधी तुमचे पाय जमिनीला लागतात आणि घोटा मुरगळतो. आभार नंतर.

उतरल्यावर घरचे फोटो काढेपर्यंत इन्स्ट्रक्टर दुसऱ्या पॅराशूटकडे निघालेला असतो, कारण गर्दीच्या दिवशी उड्या पाठोपाठ लागलेल्या असतात. म्हणून आधी त्याला दोन मिनिटं थांबायला सांगून लॉकर गाठा, फोटो मग. डाव्या हाताने, घोळक्यात, मोजत-मोजत देऊ नका. पाकीट पुढे करून ‘धिस इज फॉर यू, थँक यू’ एवढंच म्हणायचं. तो निघूनच गेला असेल तर मॅनिफेस्टवर, म्हणजे कोण कुठल्या विमानात हे ठरवणाऱ्या काउंटरवर, नाव आणि तुमच्या उडीची वेळ लिहून पाकीट ठेवा.

काही मागण्या टिपच्या आडून करू नयेत. वजन मर्यादेपेक्षा दोन किलो जास्त भरलं म्हणून हळूच नोट सरकवणं, वारा वाढून उड्या थांबवल्यावर ‘आमचं तेवढं बघा ना’ म्हणणं, वर पॅराशूटखाली जास्त गिरक्या घालण्याबद्दल आधीच सौदा करणं. पहिल्या दोन गोष्टी सुरक्षिततेच्या आहेत आणि इन्स्ट्रक्टरच्या हातातही नसतात. गिरक्या हव्या असतील तर नुसतं सांगा, त्याला जमण्यासारखं असेल तर तो फुकट घालतो. उलट पोटात ढवळतंय हेही लगेच सांगा. हवेमुळे उडी झालीच नाही तर टिप द्यायची गरज नाही. मात्र हार्नेस चढवून, विमानात बसून परत यावं लागलं आणि तो तासभर तुमच्यासोबत होता, तर थोडं द्यावं. आयत्या वेळी दारातून तुम्हीच माघार घेतली असेल तर द्याच. त्या क्षणी शांत राहून तुम्हाला परत बसवणं हेही त्याचंच काम असतं.

एकट्याने उडी मारायचा कोर्स करणाऱ्यांनी दर उडीला टिप देत बसू नये. तिथे कोर्स संपल्यावर एकदाच काहीतरी द्यायचं. परदेशी ड्रॉपझोनवर पहिली एकट्याची उडी झाली की सगळ्यांना बिअर पाजण्याची जुनी चाल आहे. न पिणाऱ्याने आइस्क्रीम आणलं तरी कुणी हरकत घेत नाही.

सोलापूरचं काही न्यायचं असेल तर टेरी टॉवेल किंवा नॅपकिन सगळ्यात उत्तम. हलका, बॅगेत मावणारा, आणि दिवसभर घाम पुसणाऱ्या माणसाला रोज उपयोगी. चादर वजनाला जड पडते. शेंगा चटणी नेण्याचा मोह होतोच, पण शेंगदाण्याची अॅलर्जी जिवावर बेतू शकते, म्हणून आधी विचारल्याशिवाय देऊ नका. आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाला जाताना चटणी असो की कडक भाकरी, त्या देशात शिरतानाच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ म्हणून जाहीर करा, नाहीतर इन्स्ट्रक्टरला न देता वाचवलेली टिप दंडात जाईल.