स्पोर्ट्‌स कार पकडत नाही, पेट्रोलचा वास येतोय? आधी या चुका टाळा

सोलापुरात स्पोर्ट्‌स कार ही बहुधा रविवारची गाडी. आठवडाभर कव्हरखाली, मग सकाळी तुळजापूरकडे किंवा पुणे हायवेला एक फेरी. निघायच्या वेळी सेल्फ नुसता फिरत राहतो, पेट्रोलचा वास सुटतो आणि गाडी काही पकडत नाही. मग ‘पेट्रोल ओव्हर झालं’ (इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल साचलं) म्हणत प्लग, कॉइल, पंप असं एकामागून एक बदलणं सुरू होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पार्ट बदलण्याआधी गाडी नेमकी कधी रुसते ते बघा. सकाळी थंड असताना, दुपारी तापलेली असताना, पेट्रोल भरून निघताना, की गेटबाहेर काढून लगेच बंद केल्यावर? अर्धं निदान या उत्तरातच असतं.

सेल्फ मारतच राहणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सेल्फ मारला की इंजेक्टर पेट्रोल सोडणार. ते जळलं नाही तर प्लग भिजतात, सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन निघतो आणि कॉम्प्रेशन घसरतं. म्हणजे गाडी पकडण्याची शक्यता दर खेपेला कमीच होते. उरलेलं पेट्रोल काही पिस्टनच्या रिंगवरून ऑइलमध्ये उतरतं, काही धुराच्या पाइपाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जातं आणि इंजिन पेटल्यावर तिथे जळून त्याला तापवतं. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा.

इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत यावर सोय दिलेली असते. अ‍ॅक्सिलरेटर आधी पूर्ण दाबायचा, दाबूनच ठेवायचा आणि मग सेल्फ मारायचा. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर बंद ठेवतो, नुसती हवा आत जाऊन साचलेलं पेट्रोल बाहेर निघतं. इंजिन पकडू लागलं की पाय उचला. कार्बोरेटरच्या सवयीने पेडल पंप करत राहिलात तर ही सोय चालू होत नाही. तुमच्या मॉडेलला ती आहे का, हे मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

गरम गाडीलाही ‘ओव्हर झाली’ समजणं

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असतो. हायवेवरून ताणून आलेली गाडी सात रस्ता चौकात पंधरा-वीस मिनिटं बंद उभी राहिली की बॉनेटखालची उष्णता कोंडते. इंजिन बंद, त्यामुळे थंड पेट्रोलही फिरत नाही. फ्युएल रेलमधल्या (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतल्या) पेट्रोलची वाफ होते आणि परत सेल्फ मारला की इंजेक्टरमधून पुरेसं पेट्रोल येतच नाही. लक्षण तेच, सेल्फ फिरतो पण गाडी पकडत नाही. कारण मात्र अगदी उलटं. इथे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तर येणारं थोडंफार पेट्रोलही तुम्हीच तोडता.

पण गरम गाडी खरोखर ओव्हरही होऊ शकते. इंजेक्टर ठिबकत असेल तर रेलमधला दाब त्याच वाटेने मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) उतरतो. या दोन्हींतला फरक पाना हातात न घेता कळतो. आधी सेल्फ न मारता इग्निशन ऑन करा, पंपाची घरघर थांबेपर्यंत वाट बघा, बंद करा. असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. पटकन पकडली तर दाब कमी पडत होता. तशी न पकडता पेडल पूर्ण दाबल्यावर पकडली, तर पेट्रोल जास्त होत होतं.

खात्री प्लग देतो. इंजिन गार झाल्यावर काढा आणि सावलीत धरून बघा. ओला, चकचकीत, पेट्रोलचा वास येणारा असेल तर ओव्हर. कोरडा आणि वास नसलेला असेल तर पेट्रोल पोचलंच नाही. कोरडी काजळी असेल तर मिक्श्चर बऱ्याच दिवसांपासून रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आहे. सगळे प्लग कोरडे आणि एकच ओला असेल तर त्याच सिलिंडरचा इंजेक्टर किंवा कॉइल तपासा. चारही प्लगचा सेट बदलून आजार जात नाही, काही दिवस झाकला जातो.

धुण्यासाठी गाडी बाहेर काढून लगेच बंद करणं

थंड इंजिनला ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देतो. अर्ध्या मिनिटात बंद केलं की ते आतच राहतं आणि पुढच्या स्टार्टला त्यात भर पडते. माझदा आरएक्स-८ चं रोटरी इंजिन तर यासाठी जगभर बदनाम आहे. गाडी सुरू केलीच, तर इंजिन गरम होऊ द्या.

सेन्सरकडे दुर्लक्ष

रात्रभर उभ्या गाडीला सकाळी ईसीयूचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावा, इंजिन सुरू न करता. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. बाहेर २८ अंश असताना कूलंट उणे ४० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर तुटलेली आहे. सोलापुरात ईसीयू बर्फातल्यासारखं पेट्रोल ओततोय.

पेट्रोल भरल्यावरच गाडी अडत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो, टाकीतली वाफ थेट इंजिनात येते. पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला व्हॅक्यूमचा पाइप असेल तर तो काढून बघा. पाइपात पेट्रोल दिसलं तर रेग्युलेटरचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) फाटला आहे.

बॅटरीला क्लीन चिट देणं

हेडलाइट झगझगीत लागतात म्हणजे बॅटरी चांगली, असं नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर इंजिन हळू फिरतं, ठिणगी कमजोर पडते आणि प्लग भिजतात. उन्हाळा बॅटरी खातो आणि आठवडाभर उभी गाडी ती उतरवते.

डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत रेलचा नट स्वतः सैल करू नका, तिथे दाब १०० बारच्या वर जाऊ शकतो. ठिणगी तपासायची असेल तर आधी पंपाचा फ्यूज काढा, पेट्रोलची वाफ उडून जाऊ द्या आणि स्पार्क टेस्टर वापरा. काम झाल्यावर डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय गाडी हायवेला काढू नका.