हापूसच्या पेटीला पेलेल असा क्राफ्ट कागद रद्दीतून कसा करावा

मे महिन्याच्या शेवटी वळीव पडून गेला की वाशीच्या बाजारात उतरणाऱ्या आंब्याच्या गाडीतली सगळ्यात खालची ओळ बघावी. वरच्या पेट्या छान ताठ असतात. खालच्या पेटीच्या बुडाचा कोपरा अंगठ्याने दाबला की तो कागद कसा केला होता ते कळतं.

मी क्राफ्ट कागदाच्या गिरणीत प्रयोगशाळा सांभाळते. एकोणीस वर्षं झाली. गाव गुहागर तालुक्यातलं, बाबांची हापूसची चाळीसेक कलमं. लहानपणी लाकडी पेट्यांना खिळे ठोकायचं काम आम्हा भावंडांचं आणि आत पेंढा पसरायचं आईचं. त्याच कलमांचा आंबा आता पुठ्ठ्याच्या पेटीतून जातो आणि त्या पुठ्ठ्याचा कागद आमच्यासारख्या गिरण्यांत रद्दीतून होतो. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

क्राफ्ट हा जर्मन शब्द, अर्थ ताकद. १८७९ साली डान्झिग शहरात कार्ल डाल या रसायनतज्ज्ञाने लाकूड कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवायची रीत काढली. त्यातून लांब आणि चिवट तंतू मिळाले. आपण लाकूड शिजवत नाही. आपल्या हातात येतो तो त्याच तंतूचा दुसरा, तिसरा, कधी पाचवा जन्म. दर वेळी भिजून वाळताना तो थोडा तुटतो, थोडा ताठरतो आणि पाणी कमी पितो. तुटलेला तंतू कुठल्याही मशीनवर पुन्हा लांब होत नाही. म्हणून आधी रद्दीच्या अंगणात लक्ष द्या. मशीनचं नंतर.

रद्दीत सगळ्यात चांगली ती पुठ्ठा कारखान्यातली नवी कातरण. तिच्यावर छपाई नसते, टेप नसते. त्याखालोखाल परदेशातून आलेली जुनी खोकी, कारण त्यांत लांब तंतू जास्त. आपल्याकडची जुनी खोकी अनेकदा फिरून आलेली असतात, पण स्वस्त आणि जवळची. तिन्हींचं मिश्रण करावं लागतं. कोकणात यात आणखी दोन गोष्टी येतात. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, सामानाची खोकी घरोघर साठतात आणि विसर्जनानंतर पंधरवडाभर भंगारवाल्यांच्या गाड्या भरून येतात. माल बरा असतो, पण त्यात थर्माकोल आणि सजावटीचा चकचकीत कागद लपलेला असतो. दुसरी गोष्ट बंदरावरची. गोठवलेल्या मासळीच्या काही खोक्यांना मेणाचा लेप असतो. मेण पाण्यात विरघळत नाही, कागदावर डाग होऊन उमटतं. शिवाय खारं पाणी मुरलेलं असतं, ते पाइप आणि पंप खातं. अशी गाठ कितीही स्वस्त मिळो, मी परत पाठवते.

ओलावा मोजल्याशिवाय वजन मान्य करू नका. गाठीच्या पोटातून नमुना काढा, बाहेरून नको. १०० ग्रॅम मोजून १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. समजा बोली १० टक्के ओलाव्याची आहे आणि निघाला १८ टक्के. १० टनांच्या गाडीत कोरडा माल ८.२ टन, म्हणजे बोलीप्रमाणे ९.११ टनच. जवळजवळ ८९० किलो पाण्याचे पैसे तुम्ही देणार होता. पावसाळ्यात हा हिशोब रोज करावा लागतो. त्यात भंगारवाल्या काकांची लबाडी असतेच असं नाही, त्यांच्या शेडलाही पत्रे फुटके असतात. आकडा समोर ठेवला की भांडण होत नाही.

नव्या माणसाकडून माल घेताना मी बादलीची परीक्षा करते. १० लिटर कोमट पाण्यात ४०० ग्रॅम रद्दी तुकडे करून रात्रभर भिजवायची आणि सकाळी हाताने कालवायची. वर काय तरंगतं, तळाला किती वाळू आणि पिना बसतात ते वजन करून वहीत लिहायचं. लगद्याची चिमूट काळ्या पाटीवर पाण्यात पसरून बघायची. लांब तंतू डोळ्यांना दिसतात. पिठासारखं काही दिसलं तर त्या मालाने पेटी उभी राहणार नाही.

पल्परमध्येही, म्हणजे रद्दी घुसळून लगदा करायच्या टाकीतही, साधारण तेच प्रमाण, ४ टक्क्यांच्या आसपास. पंधरा-वीस मिनिटांत गोळे फुटले की पुरे. नवी पोरं लगदा गुळगुळीत होईपर्यंत फिरवत बसतात आणि प्लॅस्टिकचेही बारीक तुकडे करून ठेवतात. प्लॅस्टिक मोठं राहिलं तर दोरीसारखं गुंडाळून बाहेर ओढता येतं. बारीक झालं की ते चाळणीतून सुटतं. पाणी फार गरम करू नका. टेपचा चिकट थर मऊ होऊन लगद्यात मिसळतो आणि पुढे फेल्टवर (ओला कागद वाहणाऱ्या पट्ट्यावर), ड्रायरवर बसून कागद तोडतो.

पुढची सफाई यंत्रं करतात. जड कचऱ्याचा क्लीनर पिना आणि खडे घेतो, जाळ्या प्लॅस्टिक अडवतात, मग पातळ लगद्यावर सेंट्रिक्लीनर बारीक वाळू काढतात. इथे माणसाचं काम एवढंच की बाहेर पडणारा कचरा रोज हातात घेऊन बघायचा. त्यात चांगला तंतू जास्त दिसला तर पैसा गटारात चालला आहे.

रिफायनरवर मात्र थांबायला हवं. ताठरलेला तंतू दोन चकत्यांमध्ये चेपून, कुटून मऊ केला की त्याच्या अंगावर रोमासारखे धागे उभे राहतात आणि तंतू एकमेकांना धरतात. कागदाची पकड इथे परत मिळते. पण पकड वाढवायच्या नादात तंतू कापला जातो. लगदा पाणी किती धरतो ते एसआर या मापाने मोजतात. आमच्या मिश्रणाला मी ३५ च्या पुढे जाऊ देत नाही. पुढे गेलं की वायरवर, म्हणजे लगदा पसरतो त्या जाळीवर, पाणी निथळत नाही, कागद ओला पुढे जातो आणि बॉयलर धापा टाकतो. आमच्या मशीनवरचे जुने तात्या मीटर न बघता मुठीत लगदा पिळून सांगायचे, "बाय, आज जास्त कुटलाय." मी नमुना घेऊन तपासायचे आणि बहुतेक वेळा तेच खरं निघायचं. मूठ पिळायची सवय तुम्हीही लावून घ्या, आणि मीटरही बघा.

मग स्टार्च आणि साइझिंग. स्टार्च तंतूंमधली पकड वाढवतं, साइझिंग पाण्याला अडवतं. रोझिन आणि तुरटीची रीत जुनी, तिला आम्लता लागते, पीएच ५ च्या आसपास. रद्दीत छपाईचा पांढरा कागद जास्त आला तर त्यातला चुन्याचा अंश तुरटीशी भांडतो आणि हेडबॉक्समध्ये, म्हणजे वायरवर लगदा सोडणाऱ्या पेटीत, फेस चढतो. अशा मालाला एकेडी हे साइझिंगचं दुसरं रसायन बरं, ते पीएच ७ ते ८.५ मध्ये काम करतं. जुन्या खोक्यांतला डिंकही स्टार्चचाच असतो. तो पाण्यात उतरतो, जंतू त्यावर पोसतात आणि मे महिन्याच्या उकाड्यात दोन दिवसांत टाकीला आंबूस वास सुटतो. तो वास कागदात जातो आणि पेटी उघडताच आंब्याच्या वासाआधी नाकाशी येतो. म्हणून टाक्या धुवायचा वार ठरवून ठेवा आणि उत्पादनाच्या घाईत तो चुकवू नका.

हेडबॉक्समधून वायरवर जातं ते जवळजवळ पाणीच, शेकडा एक भागाहून कमी तंतू. फवारा आणि वायर यांच्या वेगात फरक जास्त ठेवला की तंतू मशीनच्या दिशेने ओळीत झोपतात. कागद लांबीत भक्कम आणि आडवा दुबळा होतो. पुठ्ठ्याच्या मधल्या लाटांच्या नळ्या पेटीत उभ्या येतात, म्हणजे थप्पीचा भार कागदाच्या आडव्या दिशेवर पडतो. हे मशीन चालवणाऱ्याला समजावून सांगा. त्याला रीळ न तुटता पळायला हवं असतं, त्यामुळे त्याचा कल उलट दिशेला असतो. प्रेसमध्ये जेवढं पाणी पिळून निघेल तेवढं घ्या. तिथे कोरडेपणा १ टक्का वाढला की ड्रायरची वाफ सुमारे ४ टक्के वाचते. ड्रायरची उष्णता पायरीपायरीने चढवा आणि शेवटी ओलावा ७ ते ८ टक्क्यांवर ठेवा. फार वाळवलेला कागद घडीवर तडकतो.

आता तपासणी. माझं तिसरं वर्ष होतं, तेव्हा मी दुसऱ्या एका गिरणीत होते. १५० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये), २० बीएफचा (बर्स्ट फॅक्टर) माल. बीएफला जीएसएमने गुणून १,००० ने भागलं की फुटण्याची ताकद येते: ३ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. प्रत्येक रीळ त्याहून वर होतं आणि मी सही केली. पंधरा दिवसांनी आंब्याच्या पेट्या खालून बसल्याची तक्रार आली. रात्री घाटात पाऊस लागला होता. परत आलेला कागद तपासला तर कॉब, म्हणजे कागद किती पाणी पितो त्याचं माप, ९० च्या वर. साइझिंगचा पंप एक पाळीभर नीट चालत नव्हता आणि ते कोणी मोजलंच नव्हतं. मीही नाही. ज्या बागायतदाराचा माल नासला, त्याच्या घरी साहेबांबरोबर मी गेले होते. त्यांच्या ओटीवरचा पिवळा चिखल अजून डोळ्यांसमोर आहे.

फुटण्याची ताकद म्हणजे आतून रेटा आला तर कागद फाटेल का. थप्पीत पेटी फाटत नाही, ती बसते. त्यासाठी रिंग क्रश हवी: १५२.४ मिलिमीटर लांब, १२.७ रुंद पट्टी कड्यासारखी उभी करून दाबायची, आडव्या दिशेची. आणि कॉब हवाच. १०० चौरस सेंटिमीटरच्या कड्यात १०० मिलिलिटर पाणी ओता, ४५ सेकंदांनी सांडून द्या, ६० व्या सेकंदाला टिपकागदाने टिपा आणि वजन करा. वाढलेल्या ग्रॅमला १०० ने गुणलं की कॉब. आंब्याच्या बाहेरच्या कागदाला मी ३५ च्या आत मागते. नमुने आधी २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवलेले हवेत, नाहीतर जुलैचा आकडा आणि जानेवारीचा आकडा यांची तुलनाच होत नाही. हवा ९० टक्क्यांवर गेली की चांगल्या पेटीचीही भार पेलायची ताकद निम्म्याच्या आसपास येते. कोकणात वळीव आला की ही हवा येतेच, म्हणून पेटीवाल्याशी बोलताना कोरड्या आकड्याला निम्मं करूनच बोला. हवेची भोकं कोपऱ्यांपासून दूर पाडा हेही त्याला सांगा, कारण उभा भार कोपरेच घेतात.

वायरखालचं पाणी पुन्हा पल्परला फिरवा. त्यात तंतू असतो, ऊब असते. जे बाहेर सोडायचं ते प्रक्रिया करूनच, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेल्या मर्यादेतच. आमच्या खाली खाडी आहे. तिथे भल्या पहाटे बायका तिसऱ्या (शिंपल्या) काढायला उतरतात. रद्दी वापरली म्हणून आपला कागद आपोआप चांगला ठरत नाही, खाडीत काय जातं त्यावर ते ठरतं. गाळ आणि निघालेलं प्लॅस्टिक रात्री कुठेतरी रिकामं करणारा ठेकेदार स्वस्त पडतो. त्याला गेटच्या आत घेऊ नका.

तयार रिळं फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, वेष्टन न काढता. आणि मेच्या पहिल्या लॉटमधून दोन डझनी एक पेटी बनवून घ्या. तिच्यावर गाडीत जेवढा भार येईल तेवढी वाळूची पोती ठेवून ती मागच्या पडवीत सात रात्री राहू द्या. रोज सकाळी शेजारच्या खांबावर तिच्या उंचीची पेन्सिलने खूण करा. सातव्या दिवशी खूण अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त खाली आली असेल, तर त्या लॉटचा कागद मी आंब्याला देत नाही.