थंडगार जुन्या गिरणीत मोठी मॉडेल रेल्वे उभारायची कशी, चालवायची कशी

जानेवारीतल्या सकाळी आमच्या क्लबचं दार उघडलं की आत बाहेरपेक्षा जास्त गारठा असतो. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधली जुनी लोकरीची गिरणी, दोन-दोन फूट जाड दगडी भिंती, दुसरा मजला आणि वर्गणीत भागेल एवढं भाडं. मोठ्या मॉडेल रेल्वेला तीस-तीस मीटर लांब खोली लागते. ती घरात मिळत नाही आणि नव्या इमारतीत परवडत नाही, म्हणून हे वेड असलेली माणसं जुन्या वास्तूंकडे वळतात. लंडनचं किंग्ज क्रॉस ते लीड्स हा मार्ग दाखवणारी, इंग्लंडमधल्याच गेन्सबरो गावची मॉडेल रेल्वे जुन्या शाळेत आहे. हॅम्बुर्गचं मिनिआटूर वुंडरलांड २००१ मध्ये सुरू झालं, तेही बंदरावरच्या जुन्या गोदामात. माझं वेड मात्र कोथरूडचं. तिथलं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय पाहिलं आणि कायमचा अडकलो. फरक एवढाच की पुण्यात पाय गारठत नाहीत.

आधी इमारत

रुळाचं पहिलं पाकीट फोडण्याआधी खोलीत तापमान आणि आर्द्रता दाखवणारं साधं यंत्र ठेवा आणि निदान महिनाभर रोज आकडे लिहा. नुसती थंडी रेल्वेला फारशी बाधत नाही. शनिवारी खोली तापवायची आणि सोमवारी पुन्हा गारठू द्यायची, या चढउतारानं मात्र सगळं बिघडतं. लाकूड फुगतं-आकसतं, धातूवर दव धरतं, डिंक सुटतो.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही सिलिंडरवर चालणारा हीटर आणला. तासाभरात खोली छान ऊबदार झाली आणि रुळांवरून बोट फिरवलं तर बोट ओलं! गॅस किंवा रॉकेल जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक लिटर रॉकेल जाळलं की साधारण लिटरभर पाणी हवेत जातं, आणि ते खोलीतल्या सगळ्यांत थंड वस्तूवर, म्हणजे तुमच्या रुळांवर आणि इंजिनांवर, जाऊन बसतं. शिवाय बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका, तो वेगळाच. असले हीटर आत आणूच नका. विजेच्या हीटरवर खोली हिवाळाभर ८-१० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका आणि जोडीला डीह्यूमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, लावा. तो घेताना दुकानदाराला नीट विचारा. कॉम्प्रेसरवाला प्रकार थंड खोलीत कुचकामी ठरतो, त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो. ओल शोषणारं चाक असलेला, डेसिकंट प्रकारचा घ्या. वीज जास्त खातो, पण थंडीतही इमानेइतबारे काम करतो.

अख्खा मजला तापवायच्या भानगडीत पडू नका. खोलीच्या आत खोली करा: लाकडी सांगाडा, त्यात इन्सुलेशन, वर छत. या छताचा दुसरा फायदा म्हणजे जुन्या कौलांतून शंभर वर्षांची काजळी रुळांवर पडत नाही. आणि एक सक्त सूचना: जुन्या पत्र्याला, पाइपावरच्या वेष्टनाला किंवा छताच्या फळीला तपासणीशिवाय ड्रिल लावू नका. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या इमारतीत ते कुठेही निघू शकतं.

कागदावरची रेल्वे

ब्रिटनमध्ये ओओ स्केल सगळ्यांत सोयीचं, कारण गाड्या, सिग्नल, घरं सगळं तयार मिळतं. एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:७६. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. खरं तर या प्रमाणात ते पावणेएकोणीसच्या वर हवं. पण ही जुनी तडजोड आहे आणि तिच्यावर वाद घालण्यात लोकांची हयात गेली आहे. तुम्ही त्यात पडू नका.

या स्केलमध्ये एक किलोमीटर म्हणजे सुमारे १३ मीटर. दहा डब्यांची एक्सप्रेस इंजिनासकट तीन मीटर भरते. म्हणून फलाटाची लांबी आधी ठरवा, बाकीचं त्यामागून येतं. वळणाची त्रिज्या निदान ९० सेंटिमीटर ठेवा. याहून आवळलेल्या वळणावर लांब डबे चालतील, पण खेळण्यासारखे दिसतील. माणसाचा हात सुखानं पाऊण मीटर पोचतो, त्यामुळे टेबल त्याहून रुंद नको. दोन टेबलांमधली वाट मात्र सढळ हातानं ठेवा. हिवाळ्यात सगळे जाड कोटात असतात!

चढाबाबत एक गंमत. बोरघाटात १:३७ चा, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर असा, चढ आहे, मागून ढकलणारी इंजिनं लावून गाड्या वर नेतात. हे आठवून मी पहिल्या आराखड्यात तोच चढ काढला होता. मॉडेलचं इंजिन हलकं, त्याची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. १:१०० बरा. एका मार्गावरून दुसरा न्यायला साधारण ७५ मिलिमीटर उंची लागते, म्हणजे साडेसात मीटर नुसता चढच. मोठ्या खोलीचा हाच तर उपयोग.

फळ्या आणि पाय

चांगलं बर्च प्लायवूड घ्या, ९ ते १२ मिलिमीटरचं. कापलेल्या फळ्या काही आठवडे त्याच खोलीत ठेवा, म्हणजे त्या तिथल्या हवेला सरावतात. मग दोन्ही बाजूंना आणि मुख्य म्हणजे कडांना वॉर्निश किंवा रंग मारा. आळशी माणूस फक्त वरची बाजू रंगवतो. मग खालून ओल शिरते आणि फळी ताटासारखी वाकते. फळ्या सुट्या, बोल्टनं जोडता येतील अशा करा. कधीतरी खालचा पाइप फुटतोच. जुनी लाकडी जमीन कधीच सपाट नसते, म्हणून प्रत्येक पायाला वर-खाली फिरणारा स्क्रू हवा. पाय जमिनीखालच्या तुळयांवर येतील असे ठेवा, नाहीतर कुणी जोरात चाललं की अख्खं स्टेशन हलतं. लेव्हल बाटली खिशातच ठेवा.

रूळ

इथे घाई केली की पहिल्याच उन्हाळ्यात रूळ साप होतात. निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचा दहा मीटर रूळ २५ अंशांच्या फरकानं सुमारे ४ मिलिमीटर वाढतो. लवचीक रुळाचा तुकडा ९१४ मिलिमीटरचा येतो, त्याच्या वाट्याला ०.४ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे बरोब्बर व्हिजिटिंग कार्डाची जाडी. थंडीत रूळ टाकत असाल तर दर सांध्यात कार्ड घाला, रूळ पक्का करा, मग कार्ड काढा. कडक उन्हाळ्यात टाकत असाल तर फट नाममात्र पुरे. सगळे सांधे सोल्डर करून टाकायचा मोह आवरा. फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी पट्टी, सरकायला मोकळी हवी, आणि ती मोकळी असल्यामुळे तिच्यावर विजेसाठी भरवसा ठेवता येत नाही. म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर द्या. कंटाळवाणं काम आहे, सोल्डरचे शेकडो डाग द्यावे लागतात, पण त्याला पर्याय नाही.

वीज

टेबलाखालून जाड मुख्य वायर न्या, २.५ चौरस मिलिमीटरची. डिजिटल कंट्रोल (एकाच रुळावर प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारी पद्धत) असेल तर रेल्वेचे चार-पाच विभाग करा, म्हणजे एका टोकाला गाडी घसरली तर बाकीच्या थांबणार नाहीत. मग नाण्याची परीक्षा घ्या: दर मीटरवर दोन्ही रुळांवर नाणं आडवं ठेवून मुद्दाम शॉर्टसर्किट करा. प्रत्येक वेळी वीज तत्काळ तुटली पाहिजे. नाही तुटली, तर तिथली वायर बारीक आहे किंवा डाग कच्चा आहे. उंदरांचा बंदोबस्तही याच वेळी करा. त्यांना वायरचं आवरण फार आवडतं.

डोंगर आणि झाडं

ही कामं मे ते सप्टेंबरातच उरका. पांढरा लाकडी गोंद दहाएक अंशांच्या खाली नीट धरत नाही, खडूसारखा भुगा होतो. गोठलेली बाटली तर वायाच गेली म्हणा. ॲक्रिलिक रंगांचंही तेच. हिवाळ्यात डबे-इंजिनं जोडायचं बारीक काम घरी न्या.

गाड्या चालवण्याचा दिवस

खोली आदल्या रात्रीपासून हळूहळू तापवा. सकाळी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं पुसा. इंजिनांतलं तेल थंडीत घट्ट होतं, म्हणून दहा मिनिटं त्यांना डब्यांशिवाय फिरवा, मगच एक्सप्रेस जोडा.

मोठ्या रेल्वेत एकट्यानं सगळ्या गाड्या हाकायच्या नसतात. प्रत्येक स्टेशनला एक माणूस द्या, मध्ये घंटा ठेवा आणि खऱ्या ब्रिटिश सिग्नलमनसारखं बोला. एक ठोका: लक्ष द्या. चार ठोके: एक्सप्रेससाठी लाइन क्लियर आहे का? पुढच्यानं तेच चार ठोके परत दिले की होकार. गाडी निघाली की दोन, ती पोचून लाइन मोकळी झाली की दोन-थांबून-एक. वेळापत्रक घड्याळावर लावू नका. गाड्यांचा नुसता क्रम लिहून काढा आणि एक झाली की दुसरी सोडा. घड्याळ लावलं की चहाला उशीर होतो आणि माणसं भांडतात.

संध्याकाळी रेल्वेवर सुती चादरी टाका. प्लॅस्टिक नको, त्याखाली दव धरतं. हीटर बंद न करता कमी करा. डीह्यूमिडिफायरची टाकी भरली की तो आपोआप बंद पडतो, तेव्हा त्याची नळी थेट मोरीत सोडून मगच कुलूप लावा.