काचेच्या बरण्या कुरिअरने पाठवायच्यात, तेही थर्माकोलशिवाय? मी असं करते

दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका ताईंना आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, सहा बाटल्या पाठवल्या होत्या. थर्माकोलचे दाणे, बबल रॅपचे तीन-तीन वेढे, वरून चिकटपट्टी अशी की उघडायला सुरा लागावा, आणि तरी दोन फुटल्याच. ताईंनी फोटो पाठवला त्यात ते पांढरे दाणे भिजून लालभडक झालेले, लांबून बघितलं तर कुणी डाळिंब सोललंय असं वाटावं. त्यांनी सगळं उचलून कचऱ्यात टाकलं, मी नवीन बाटल्या पाठवल्या, म्हणजे काच गेली, आगळ गेलं, परत एकदा गाडीचं डिझेल गेलं. तेव्हापासून माझा हिशोब असा की पॅकिंग कितीही इको फ्रेंडली असलं आणि माल फुटला तर ते फुकट, आधी माल पोचला पाहिजे, मग बाकीच्या गप्पा.

आणि इको फ्रेंडली म्हणजे नेमकं काय हे ठरवायला माझी एकच परीक्षा आहे: गिऱ्हाईकाच्या दारात येणारा रद्दीवाला ते घेईल का? पुठ्ठा घेतो, खाकी कागद घेतो, थर्माकोल बघून मान हलवतो. ती बाहेरून खाकी आणि आतून बबल चिकटवलेली पाकिटं येतात ना, दिसायला कागदी, ती तर कुणीच घेत नाही, कारण दोन्ही वेगळं करायचं कुणी.

स्टेप १, काहीही विकत घ्यायच्या आधी घरात बघा. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंबरोबर आलेला बबल रॅप, कागद, हवेच्या पिशव्या सगळं एका गोणीत साठवा. आधीच बनलेलं प्लास्टिक परत वापरण्यात काही पाप नाही, उलट नवीन कागद विकत आणण्यापेक्षा ते बरं. शेजारच्यांना सांगून ठेवा, महिन्याभरात गोणी भरते. फक्त स्वच्छ आणि कोरडं पाहिजे.

स्टेप २, बॉक्स. इथे घाई करू नका. दुकानात विचारतील थ्री प्लाय की फाइव्ह प्लाय. थ्री प्लाय म्हणजे दोन सपाट कागद आणि मधे एक नागमोडी, फाइव्ह प्लायमधे नागमोडी थर दोन. कपडे, पुस्तकं, मसाल्याची पाकिटं यांना थ्री प्लाय पुरतो, काचेला फाइव्ह प्लायच घ्या. त्या नागमोडी रेघा उभ्या असल्या की बॉक्स वरचं वजन पेलतो, आडवा झाला की चेपतो, म्हणून बाण काढून ‘ही बाजू वर’ लिहायचं, कुरिअरवाले ऐकतीलच असं नाही पण लिहायचं. पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीत एक चक्कर मारा, सुटे बॉक्स मिळतात, हातात घेऊन दाबून बघता येतात.

साइज मात्र मोजूनच घ्या, कारण कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, बॉक्सने अडवलेली जागा पण बघतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमधे, भागिले ५०००, की किलो येतात (काही जण ५००० ऐवजी दुसरा आकडा धरतात, आधी विचारा), आणि हे वजन आणि खरं वजन यातलं जास्त असेल त्याचे पैसे. माझ्या लोणच्याच्या चार बरण्यांचा बॉक्स २८ बाय २८ बाय २२, म्हणजे ३.४५ किलो, खरं वजनही तेवढंच भरतं. तेच घरात पडलेला ३५ बाय ३५ बाय ३० चा बॉक्स वापरला तर ७.३५ किलोचे पैसे! वर ती रिकामी जागा भरायला दुप्पट कागद. मोठा बॉक्स कापून लहान करता येतो, मी करते, फक्त घडीच्या जागी बोथट सुरीने रेघ ओढून घ्या म्हणजे वाकडा दुमडत नाही.

स्टेप ३, बरणी. निम्म्या भानगडी काच फुटून होत नाहीत, झाकणातून गळून होतात. झाकण लावलं की बरणी पुसायची आणि रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेवायची, सकाळी तेलाचा डाग दिसला तर ती घरी खायला. पास झालेल्या बरणीला मी एक प्लास्टिकची पिशवी घालतेच, कबूल करते, कारण लोणच्याचं तेल पुठ्ठ्यात मुरलं की तो पुठ्ठाही रद्दीतून बाद.

स्टेप ४, आतली भरती, यावर मी सगळ्यात जास्त डोकं लावलंय. हनीकोंब पेपर म्हणून मिळतो, खाकी कागदाला बारीक चिरा दिलेल्या असतात, ओढला की मधमाशीच्या पोळ्यासारखा उघडतो, बरणीभोवती दोन-तीन वेढे दिले की कागद कागदात अडकून बसतो, टेपही लागत नाही. ओढून उघडायचा बरं का, नुसता गुंडाळला तर साधा कागदच तो. बरणी बरणीला टेकता कामा नये, मधे पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या खाचा पाडून एकमेकींत अडकवा, आणि खाली, वर, चारी बाजूंनी ५ सेंटीमीटर तरी भरती ठेवा.

तळाला अंड्याचे ट्रे भारी काम करतात, कागदाच्या लगद्याचे असतात, दणका शोषून घेतात. नवीन कोरे घ्या, वापरलेले नकोत. आणि गिऱ्हाईक कोण आहे तेही बघा, एका काकूंनी बॉक्स उघडल्या उघडल्या फोन केला, ‘अगं आमच्याकडे चालत नाही, लोणच्यात अंडं आहे का?’ त्यांना आता चुरगळलेला कागदच जातो.

वर्तमानपत्र बाहेरून भरायला उत्तम, पण खायच्या वस्तूला थेट लागू देऊ नका, त्या शाईबद्दल एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१६ मधे आणि परत २०२३ मधेही बजावलंय. कोकणात आंब्याच्या पेटीत पेंढा घालतात तसा इथेही चालतो, पण कडक उन्हात वाळवलेला पाहिजे, दमट राहिला की बुरशी आणि किडे फुकट. परदेशात पाठवायचं असेल तर पेंढा विसराच, तिकडे साध्या लाकडी खोक्यालासुद्धा कीड मारल्याचा शिक्का लागतो.

मक्याच्या स्टार्चचे दाणे मिळतात, पाण्यात विरघळतात, कोरड्या हवेत छान. पावसाळ्यात कोकणातून पाठवलेत तर चिकट गोळा होतो. आणि ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेल्या पिशव्यांना भुलू नका. कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणारी, असेल तर त्यावर आयएस १७०८८ हा भारतीय मानकाचा नंबर शोधा, आणि तो असला तरी ती पिशवी मोठ्या कंपोस्ट प्लांटच्या उष्णतेत कुजते, आपल्या कुंडीत नाही. मी एक कुंडीत पुरली होती, आठ महिन्यांनी काढली, धुऊन परत वापरता आली असती.

स्टेप ५, टेप. ब्राऊन टेप प्लास्टिकची असते. खाकी गमटेप घ्या, मागची बाजू ओल्या स्पंजने पुसून लावायची, पुठ्ठ्याला अशी धरते की काढायला गेलं तर पुठ्ठाच फाटतो, म्हणजे मधे कुणी उघडलं तर कळतंही. पाणी जास्त झालं तर डिंक वाहून जातो, हे पहिल्या चार बॉक्सनंतर हाताला कळतं.

पावसाळ्याचं वेगळं सांगते. पुठ्ठा हवेतली ओल पितो आणि मऊ पडतो, जूनमधला फाइव्ह प्लाय मार्चच्या थ्री प्लायसारखा वागतो. बॉक्स फरशीवर ठेवू नका, भिंतीला टेकवू नका, फळीवर ठेवा, आणि पॅक केलेला बॉक्स दोन-दोन दिवस घरात पडू देऊ नका.

आता शेवटचं काम, गिऱ्हाईकाला पाठवायच्या आधी एक बॉक्स स्वतः पाडून बघा. आधी कानाशी धरून हलवा, खडखड आली तर उघडा आणि अजून भरा. मग साधारण ७६ सेंटीमीटरवरून, म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या उंचीवरून, दहा वेळा पाडायचा: एकदा कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला येऊन मिळणाऱ्या तिन्ही कडांवर, मग सहाही बाजूंवर. दहा किलोच्या आतल्या पार्सलला पॅकिंगवाले अशीच चाचणी घेतात. माझा पहिला बॉक्स चौथ्या वेळी गेला, तळाला कागद कमी पडला होता. आणि चाचणीच्या बरण्यांमधे लोणचं भरू नका हो, पाणी भरा आणि त्यात चमचाभर हळद टाका, गळलं की कागदावर पिवळा डाग कुठून आलाय ते लगेच दिसतं.