ट्रेलरचे ब्रेक नीट लागत नाहीत? कंट्रोलर बदलायच्या आधी हे करून बघा

एसयूव्हीमागे ट्रेलर लावलाय, ब्रेक दाबला की मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटतं, किंवा उलट, नुसता पाय टेकवला तरी ट्रेलर झटका मारतो. अशा वेळी पहिला संशय जातो डॅशबोर्डखालच्या ब्रेक कंट्रोलरवर (ट्रेलरच्या ब्रेकला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा), कारण एरर तोच दाखवतो ना. मीही तेच केलं, नवा कंट्रोलर आणून बसवला आणि प्रॉब्लेम जिथल्या तिथे. तेव्हापासून कंट्रोलर मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी अर्थिंग, मग वायर, मग चाकाच्या आत.

हे सगळं इलेक्ट्रिक ड्रम ब्रेकचं चाललंय. त्याचं काम कसं चालतं ते कळलं की निम्मं काम झालं. प्रत्येक ड्रममध्ये एक मॅग्नेट असतो, करंट आला की तो ड्रमच्या आतल्या सपाट पृष्ठभागाला चिकटायला बघतो, फिरणारा ड्रम त्याला सोबत ओढतो, त्या ओढीने एक लिव्हर हलतो आणि लिव्हर लायनर (ड्रमला आतून घासणारं ब्रेकचं अस्तर) बाहेर दाबतो. म्हणजे चाक फिरत नसेल तर ब्रेक लागतच नाही, नुसती बारीक गुणगुण ऐकू येते. जॅकवर चाक घेऊन करंट दिला आणि "काहीच झालं नाही" म्हणणारे बरेच असतात, अहो चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा आणि मग करंट द्या.

आता पहिलं काम, दोष एसयूव्हीकडे आहे की ट्रेलरकडे ते वेगळं करायचं. सपाट जागा, चाकांना पुढून-मागून अडण, आणि नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड लावा. एसयूव्हीला लावलेला ट्रेलरचा प्लग काढा आणि ट्रेलरच्या ब्रेकअवे स्विचची पिन ओढा (ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी ती दोरीवाली पिन). आता ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीतून थेट मॅग्नेटला करंट जातोय. उचललेलं चाक हाताने फिरवल्यावर दणकून थांबलं तर ट्रेलर ठीक आहे, दोष पुढे, एसयूव्हीकडे. नाही थांबलं तर आधी ती छोटी बॅटरी तपासा, कारण ती बिचारी बऱ्याचदा मेलेलीच असते, आणि शंका असेल तर चांगली १२ व्होल्टची बॅटरी प्लगच्या ब्रेक पिनला आणि अर्थच्या पिनला जोडून तीच टेस्ट परत करा. सात पिनच्या प्लगमध्ये ब्रेकची वायर बहुतेक निळी आणि अर्थची पांढरी असते पण रंगावर विश्वास ठेवू नका, आधीच्या मालकाने काय जोडलंय देव जाणे. आणि पिन फार वेळ ओढून ठेवू नका, बॅटरी उतरते आणि मॅग्नेट तापतात.

मग मीटर. १० ते १२ इंची ड्रमच्या मॅग्नेटचा रेझिस्टन्स साधारण ३.२ ओहम असतो आणि प्रत्येक मॅग्नेट ३ अँपिअर किंवा थोडा जास्त करंट घेतो. म्हणजे दोन ब्रेक असतील तर ६ च्या आसपास, चार असतील तर १२ च्या आसपास. चार ब्रेक असून ९ अँपिअरच दिसले तर एक मॅग्नेट किंवा त्याची वायर तुटलीय, शून्य दिसलं तर मेन वायर किंवा अर्थ गेलंय, खूप जास्त दिसलं तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि सगळंच थोडं थोडं कमी असेल तर गंजलेला जोड शोधा. एक सांगतो, साध्या मल्टिमीटरचं करंटचं सॉकेट बहुतेक १० अँपिअरपर्यंतच असतं, चार ब्रेक त्यातून मोजायला गेलात तर मीटरचा फ्यूज उडतो, माझा उडालाय. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या (साधे क्लॅम्प फक्त एसी मोजतात, घेताना बघून घ्या) किंवा एकेक चाक वेगळं मोजा.

अर्थिंगसाठी सोपी युक्ती म्हणजे जंपर केबलचं एक टोक एसयूव्हीच्या चासीला आणि दुसरं ट्रेलरच्या चासीला, दोन्हीकडे रंग खरवडून. ब्रेक एकदम सुधारले तर आजार सापडला. बॉल आणि कपलरमधून (ट्रेलर एसयूव्हीला अडकवायचा गोळा आणि त्यावर बसणारी वाटी) अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका, तिथे ग्रीस आणि गंज दोन्ही असतात.

ब्रेक कधी लागतो कधी नाही, आणि खड्ड्यातून गेलं की एरर येतो, असं असेल तर अॅक्सलच्या पाइपमधून जाणारी वायर बघा. माझ्यात तेच निघालं. पाइपच्या आत वायर सुटी लोंबत होती, हादऱ्याने घासून घासून तिचं कव्हर एका नखाएवढं गेलं होतं आणि तांबं चमकत होतं. उभ्या गाडीत सगळे रीडिंग बरोबर, रस्त्यावर निघालं की शॉर्ट, दोन दिवस गेले माझे यात. आता वायर अॅक्सलच्या बाहेरून क्लिप मारून नेलीय.

करंट बरोबर असून ब्रेक कमजोर असेल तर ड्रम उघडायचा. धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. लायनरवर ग्रीस लागलं असेल तर मागचं सील गेलंय किंवा कोणीतरी ग्रीस कोंबकोंब कोंबलंय, असं लायनर पुसून चालत नाही, बदलायचंच. मॅग्नेट एका बाजूने झिजला असेल किंवा आतली कॉइल दिसायला लागली असेल तर तोही बदला, एका अॅक्सलचे दोन्ही एकदम.

आणि सगळं ठीक दिसलं तर अॅडजस्टमेंट राहिलीय. मागच्या प्लेटमधल्या भोकातून चकतीसारखं दातेरी चाक स्क्रूड्रायव्हरने फिरवा, ट्रेलरचं चाक हाताला जड जाईपर्यंत, मग साधारण १० दाते मागे, हलकी घसट ऐकू आली पाहिजे. लायनर नवीन असतील तर सुरुवातीला ब्रेक कमजोरच वाटतो, ताशी ६५ वरून ३० पर्यंत २०-३० वेळा हळूहळू ब्रेक मारले की बसतात, मध्ये थोडं थंड होऊ द्या.

झटका मारत असेल तर उलट, कंट्रोलरचा गेन (ब्रेक किती जोरात लागावा याचं सेटिंग) जास्त आहे. मोकळ्या जागेत ताशी ३५-४० ला कंट्रोलरवरचा मॅन्युअल लिव्हर (नुसते ट्रेलरचे ब्रेक लावणारा) पूर्ण दाबा, चाकं लॉक होऊन घसटली तर गेन एकेक पायरी कमी करत जा, लॉक व्हायच्या जरा अलीकडे थांबा. लोड बदलला की हे परत करावं लागतं.

मग ८-१० किलोमीटर फिरून या आणि प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू न टेकवता धरा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर ते पकडतंय, एकच थंड असेल तर तिथे ब्रेक लागतच नाहीये, परत त्याच चाकाकडे.