शब्बाथ शाळेत ‘मध्यस्थ’ शिकवायचा कसा

शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या बायबल-वर्गात, ‘मध्यस्थ’ (देव आणि माणूस यांच्यामधला येशू) हा धडा वाट्याला आला, की आमच्या मंडळीतले नवे शिक्षक शनिवारी रात्री फोन करतात. “बाई, उदाहरण काय देऊ?” मी सांगते, काहीही द्या, पण एजंटाचं देऊ नका. मी दिलं होतं. वीसेक वर्षांपूर्वी, नगरजवळच्या एका खेड्यातल्या आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये. साहेब आत बसलेला, आपल्याला दारातच अडवतात, मग ओळखीचा माणूस आपला कागद आत नेतो, तसा येशू. सातवीतल्या एका पोराने हात वर केला, “बाई, मग त्याला किती द्यायचे?” वर्ग खो-खो हसला. पण पोराचं काही चुकलं नव्हतं. देवाला चिरीमिरीवाला साहेब आणि प्रभूला दलाल मीच करून ठेवलं होतं.

तेव्हापासून हा धडा मी अशा रीतीने घेते. मुलं नऊ ते तेरा वर्षांची, वेळ पाऊण तास. सामान म्हणजे एक जुनं सुती धोतर, सुतळी, स्टूल आणि कात्री. धोतर विरलेलं असलं तर उत्तम. नायलॉनची साडी चालत नाही, का ते पुढे येईल.

सुरुवात बायबलमधल्या तीमथ्याच्या पत्रापासून करू नका. सोनेरी वचन, म्हणजे धड्याचं पाठ करायचं वचन, तिथलंच असतं (1 तीमथ्य 2:5), आणि मुलं ते आल्या आल्या घडाघडा म्हणून दाखवतात: एकच देव, एकच मध्यस्थ, तो म्हणजे ख्रिस्त येशू हा मनुष्य. म्हणू द्या आणि बाजूला ठेवा. उघडायचं ते जुन्या करारातलं ईयोबाचं पुस्तक, अध्याय 9, वचन 33. ईयोबाचं सगळं गेलेलं आहे, अंगभर फोड आहेत, आणि त्याची तक्रार अशी की देव काही माझ्यासारखा माणूस नाही की त्याच्याशी समोरासमोर वाद घालता येईल. आणि आम्हा दोघांवर हात ठेवील असा मध्यस्थही कोणी नाही.

“दोघांवर हात” इथे थांबा. दोन मुलांना वर्गाच्या दोन टोकांना उभं करा आणि तिसऱ्याला सांगा, एकाच वेळी दोघांच्या खांद्यावर हात ठेव. तो हात ताणतो, पाय ताणतो, पोचत नाही. मग मुलंच ओरडतात, “बाई, त्यांना जवळ घ्या!” घेऊ देऊ नका. हात दोन्हीकडे पोचायला हवा, एवढंच बोला. येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य का, याचं उत्तर त्या ताणलेल्या हातांत आहे. खल्कदोन इथे भरलेल्या चर्चच्या पुढाऱ्यांच्या परिषदेने 451 साली हे दोन स्वभावांचं सूत्र मांडलं, ते तुम्हाला माहीत असावं. मुलांना सन सांगायची गरज नाही.

मोशेचं दोन मिनिटांत आटपा. सीनाय पर्वतावर गडगडाट झाला तेव्हा लोक त्याला म्हणाले, तूच आमच्याशी बोल, देव बोलला तर आम्ही मरू. म्हणजे मधला माणूस हवा, ही भूक जुनीच आहे.

आता पडदा, यरुशलेमच्या मंदिरात देवाच्या परमपवित्र जागेपुढे असायचा तो. वर्ग सुरू होण्याआधीच दोन खिडक्यांच्या गजांना सुतळी बांधून धोतर उंच टाकून ठेवा, खालची कड जमिनीला टेकेल असं. पलीकडे एक रिकामी खुर्ची. एका मुलाला प्रमुख याजक करा. लेवीय 16 प्रमाणे वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकट्यानेच आत जायचं, तेही रक्त घेऊन. आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा, मग लोकांसाठी बकरा. इथे विचारा, “स्वतःसाठी कशाला?” कुणीतरी नक्की म्हणतं, “तो पण आपल्यासारखाच ना!” बास, याजक स्वतःच पापी, येशू मात्र निष्पाप, या इब्रीकरांस पत्राच्या मुद्द्यातला अर्धा तिथे झाला.

एक इशारा. याजकाच्या पायाला दोर बांधत, आत मेला तर ओढून काढायला, ही गोष्ट प्रवचनांत फार चालते. पवित्र शास्त्रात ती नाही. झग्याच्या कडेची घुंगरं आहेत खरी, निर्गम 28 मध्ये. पण या दिवशी आत जाताना अंगावर साधी तागाची वस्त्रं असत. मुलांना दोराची गोष्ट आवडते म्हणून सांगू नका. मोठेपणी ती शोधतात, सापडत नाही, आणि मग बाकीच्यावरचाही विश्वास उडतो.

मग मत्तय 27:51, येशू मरण पावला तेव्हा मंदिराचा पडदा फाटला ते वचन, एका मुलीला वाचायला द्या आणि तुम्ही स्टुलावर चढा. धोतराच्या वरच्या काठाला कात्रीने आधीच बोटभर चीर देऊन ठेवलेली असावी, कारण काठ हाताने फाटत नाही. पुढचं सुती कापड सरळ फाटत जातं, आवाजही चांगला होतो. नायलॉन नुसतं ताणत राहतं. एकदा माझी अशी फजिती झाली आहे. “वरपासून खालपर्यंत” हे शब्द आले की फाडा. मग विचारा, “तुमच्यातलं कुणी हे वरून फाडू शकलं असतं का?” उंचीच पुरत नाही. पडदा कोणत्या बाजूच्याने फाडला, हे मुलांना कळतं.

आता एजंटाकडे वळा, नाव घेऊन वळा, कारण तुम्ही नाही सांगितला तरी तो मुलांच्या डोक्यात असतोच. एजंटाला आपण गाठतो; इथे ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्या देवानेच मध्यस्थ पाठवला. 2 करिंथ 5:19 वाचा: जगाचा स्वतःशी समेट करणारा देवच ख्रिस्तात होता. रागावलेल्या बापाला समजावणारा कनवाळू मुलगा, असं चित्र नको. योहान 16 मध्ये प्रभू तर म्हणतो, मी तुमच्यासाठी पित्याकडे विनंती करीन असं म्हणत नाही, पित्याचंच तुमच्यावर प्रेम आहे.

‘खंडणी’ शब्दाला जपा. मार्क 10:45 मध्ये तो आहे, आणि मुलांना खंडणी म्हणजे पेपरातली गुंडांची खंडणी. गुलाम सोडवायला भरलेलं मोल, असं सांगा. कुणाला भरलं, या प्रश्नावर थोरामोठ्यांनी शतकानुशतकं वाद घातलाय. तुम्ही पाऊण तासात त्यात पडू नका.

येशूची आई मरीया, तिचा प्रश्न येतो. माझ्या वर्गात एका मुलीची आई वसईची, कॅथलिक. “आजी माऊलीकडे मागते, ते चूक?” अशा वेळी आजीला वर्गात हरवायचं नाही. आपण संतांकडे प्रार्थना करत नाही, हे सांगा. कॅथलिकही मरीयेला दुसरा मध्यस्थ मानत नाहीत, आपल्यासाठी विनंती कर म्हणतात. त्यांच्याच चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये लिहून ठेवलंय की ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीतून यामुळे काही उणं होत नाही. हेही सांगा. “मग पाळकसाहेब आपल्यासाठी प्रार्थना का करतात?” याचं उत्तर त्याच सोनेरी वचनाच्या चार वचनं आधी आहे: सर्व माणसांसाठी प्रार्थना करा. ते काम आपल्या सगळ्यांचं.

शेवटी प्रार्थना मुलांकडून घ्या, फाटक्या पडद्यातून पलीकडे जाऊन, खुर्चीशी उभं राहून. “प्रभू येशूच्या नावाने मागतो, आमेन” हे शब्द अर्जाखालच्या शिक्क्यासारखे उरकू देऊ नका. एकेकाला सावकाश म्हणू द्या. लहानगी मुलं दोनदोनदा पडद्यातून ये-जा करतात. करू द्या. आणि धोतर घरून आणणार असाल तर ज्याचं आहे त्याला शनिवारीच विचारा.