ठाणे-नवी मुंबईतला गुलाब : पाऊस गेल्याची खात्री पटली की मगच छाटणी

ऑक्टोबर उजाडला, दोन दिवस कडक ऊन पडलं की विचारणा सुरू होते, "उघडीप मिळालीय, गुलाब छाटून घेऊ का?" माझं उत्तर दरवर्षी एकच असतं : थोडं थांबा.

मुंबई परिसरातून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने ८ ऑक्टोबर धरली आहे. पण घोडबंदर रोडला किंवा खारघरच्या डोंगराखाली राहणाऱ्याला परतीचा पाऊस वेगळा सांगायला नको. सकाळी लख्ख ऊन, दुपारी जीव घाबरा करणारा उकाडा आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास येऊरकडून ढग उतरून तासभर झोडपणं. अशा दिवसांत छाटलेल्या गुलाबाच्या प्रत्येक फांदीला एक ओली, उघडी जखम असते. त्या जखमेतून बुरशी शिरते आणि फांदी टोकाकडून खाली काळी पडत जाते. हाच शेंडेमर, नर्सरीवाले ज्याला डायबॅक म्हणतात तो. एका वर्षी मीही घाई केली होती. नवरात्रात सगळ्या कुंड्या छाटल्या, पुढचे तीन दिवस संध्याकाळी पाऊस आला आणि महिन्याभरात चांगली तीन जुनी झाडं गेली. खत, पाणी, माती यांत काहीच चुकलं नव्हतं. फक्त आठ दिवस चुकले होते.

म्हणून आपल्याकडचा हिशोब असा ठेवा. सलग आठ-दहा दिवस पाऊस नाही आणि कुंडीतली वरची माती बोटाला कोरडी लागते आहे, मगच सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हातात घ्यायचं. साधारण १५ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ यात येतो. गॅलरी पश्चिमेची असेल आणि दुपारचं ऊन भिंतीवर आपटत असेल, तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा बरा, कारण ऑक्टोबरच्या त्या उन्हात कोवळी तांबडी फूट करपते. छाटणीनंतर ४० ते ५० दिवसांत फूल येतं. ऑक्टोबरच्या अखेरीस छाटलेलं झाड डिसेंबरच्या मध्याला फुलतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरचं फूल वाहायचं असेल, तर कॅलेंडरवर उलटे दिवस मोजून छाटणीची तारीख ठरवा.

छाटणी कशी करायची

छाटणीच्या आदल्या दिवशी सिकेटरला धार लावा. बोथट पात्याने फांदी चिरडते, आणि चिरडलेली फांदी हमखास वाळते. पातं डेटॉलने किंवा स्पिरिटने पुसा. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातानाही पुसा, कारण रोग असाच हातोहात पसरतो.

आधी वाळलेलं, काळं पडलेलं सगळं काढा. काळी फांदी कापताना कापाकडे नीट बघायचं : मधला गर तपकिरी दिसला तर अजून खाली या, पांढरा-हिरवट निरोगी गर दिसेपर्यंत. इथे हात आखडता घेऊ नका. दोन इंच वाचवायच्या मोहात आख्खं झाड जातं. मग आतल्या बाजूला वाढलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या काढा. शेवटी चार-पाच सशक्त फांद्या राहिल्या पाहिजेत, आणि झाड मधून वाटीसारखं मोकळं दिसलं पाहिजे. आपल्या दमट हवेत हा मोकळेपणा फार मोलाचा, कारण आतली पानं वाऱ्याने लवकर सुकतात.

उरलेल्या फांद्या किती आखूड करायच्या? थंड प्रदेशात गुलाब जमिनीपासून वीतभर ठेवून कापतात. ते बघून आपल्याकडेही काहीजण तसंच करतात. इथे तसं करू नका. आपल्याकडे झाडाला खरी विश्रांती अशी मिळतच नाही, आणि फार खोल छाटलेलं कुंडीतलं झाड पुन्हा उभं राहताना दमतं. उंचीचा तिसरा हिस्सा किंवा फार तर अर्धी उंची काढा. मोठ्या फुलाच्या, म्हणजे हायब्रिड टी प्रकारच्या झाडाला दीड फुटाच्या आसपास उंची ठेवली तर ते सुखाने फुटतं. बटण गुलाब आणि गावठी गुलाब यांना वरवरची छाटणी पुरते. वेलगुलाबाच्या मुख्य फांद्या तशाच राहू द्या, बाजूच्या फुटव्यांचे शेंडे खुडा.

काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (नवी फूट जिथून येते तो उंचवटा) वर, पाव इंचावर, आणि तिरका. उतार डोळ्याच्या विरुद्ध दिशेला असावा, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. प्रत्येक कापावर लगेच बोर्डो पेस्ट लावा : १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून, मग एकत्र करून सगळं मिळून एक लिटर. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं चालत नाही. पाच-सहा कुंड्यांसाठी एवढा खटाटोप नको असेल, तर चमचाभर कॉपर ऑक्सिक्लोराइड पाण्यात दाट कालवून जुन्या रंगाच्या ब्रशने लावा. हळदीचा लेप लावणारेही पुष्कळ आहेत. त्याने नुकसान होत नाही, पण शेंडेमर आधीच दिसत असेल तर मी हळदीवर विसंबणार नाही.

खाली पडलेली पानं आणि छाटलेल्या काड्या कुंडीतच ठेवायच्या नाहीत, कंपोस्टच्या ड्रममध्येही टाकायच्या नाहीत. पावसाळ्यातले काळे ठिपके, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, त्या पानांवरच टिकून राहतात आणि पुढे पुन्हा झाडावर चढतात.

एक खुलासा. घाटावर छाटणीआधी पाणी तोडून, मुळं उघडी करून उन्हं देण्याची पद्धत आहे. जमिनीतल्या झाडाला ते झेपतं. गच्चीवरच्या बारा इंची कुंडीत मुळांना पळायला जागाच नसते, ती सरळ भाजतात. कुंडीतल्या गुलाबाला हा उपचार करू नका.

माती

छाटणी झाली की वरची दोन-तीन इंच माती खुरपीने हलकेच उकरून काढा. पावसाने ती दगडासारखी बसलेली असते, वर हिरवं शेवाळ असतं. त्या जागी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन-तीन ओंजळी आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. दोन वर्षं झालेली कुंडी असेल तर याच वेळी आख्खी माती बदलून घ्या.

मिश्रणाचं म्हणाल, तर आपल्याकडे गुलाब तहानेपेक्षा गुदमरून जास्त मरतो. मुळांना हवा लागते. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, आणि एक भाग भाताचं तूस, जाड रेती, विटांचा चुरा यांपैकी जे मिळेल ते, एवढं पुरे. कोकोपीट हलकं पडतं म्हणून गच्चीवर लोक भरभरून वापरतात, पण जुलैमध्ये ते ओल्या स्पंजासारखं पाणी धरून बसतं. घालायचंच तर मूठ-दोन मुठी. नवी मुंबईत बऱ्याच सोसायट्यांच्या आवारात भरावाची, मुरमाड माती असते, खाडीजवळ ती खारटही निघते. ती फुकट मिळते म्हणून कुंडीत भरू नका. तळमजल्याला बाग असेल आणि जमिनीतच लावायचं असेल, तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन तिथली माती पूर्ण बदला, आणि वाफा आजूबाजूपेक्षा अर्धा फूट उंच ठेवा.

कुंडी दोन विटांवर ठेवली की तळाचं भोक मोकळं राहतं. खाली ताटली ठेवत असाल तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासात ती रिकामी करा. पावसाळा संपतानाचे हे महिने डेंग्यूचे असतात, आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. घरात लहान मूल असो वा नसो, ताटलीकडे दुर्लक्ष करू नका.

नवीन झाड घ्यायचं तर

जुलैमध्ये रस्त्याकडेला टवटवीत फुलांसह मिळणारं झाड घेऊ नका, नोव्हेंबरपर्यंत धीर धरा. घेताना फुलाकडे नंतर बघा, आधी बुंध्याकडे बघा. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या, जागेची गाठ घट्ट हवी, तिच्यावरून निदान दोन-तीन जाड फांद्या निघालेल्या हव्यात, आणि पिशवी हलवली तर झाड मातीत डगमगता कामा नये.

घरी आणल्या आणल्या कुंडीत लावू नका. आठवडाभर सावलीच्या, सकाळच्या कोवळ्या उन्हाच्या जागी राहू द्या. पिशवी काढल्यावर बहुतेक वेळा आत चिकण मातीचा घट्ट गोळा निघतो. नवीन लोकांची झाडं इथेच जातात : बाहेरची भुसभुशीत माती पाणी पिते, गोळा मात्र एकतर कोरडा ठणठणीत राहतो नाहीतर चिखल होऊन बसतो. गोळा बादलीतल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, बोटांनी बाहेरची माती हलकेच सोडवा, मधला मुळांचा भाग तसाच राहू द्या. लावताना गाठ मातीच्या दोन इंच वर ठेवा. गाठीच्या खालून येणारा फुटवा रानखुंटाचा (ज्या रानगुलाबावर कलम केलं त्याचा) असतो, दिसताक्षणी मुळापासून ओढून काढा. "सात पानांची फांदी म्हणजे रान" असं सर्रास सांगतात, पण चांगल्या जातींनाही कधी कधी एका पानात सात पर्णिका (छोटी पानं) येतात. फांदी गाठीच्या वरून आली की खालून, एवढं पाहिलं की चूक होत नाही.

पहिल्यांदाच लावत असाल तर सुवासाचा गावठी गुलाबी गुलाब किंवा बटण गुलाब लावा. आपल्या पावसाला ते सरावलेले आहेत. लांब दांड्याचे डच गुलाब मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये छान येतात, कारण तिथे डोक्यावर छप्पर असतं.

ऊन आणि पाणी

रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं, त्याला पर्याय नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत या दिवसांत भरपूर ऊन आत येतं. पूर्वेची गॅलरीही उत्तम. उत्तरेच्या गॅलरीत गुलाबाचा हट्ट धरू नका, तिथे दुसरं काही लावा. झाडाचाच छळ होतो.

पाणी सकाळी, आणि मातीत. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान सलग सहा-सात तास ओलं लागतं, आणि संध्याकाळी झारीने न्हाऊ घातलेलं झाड तिला रात्रभर तेवढी संधी देतं. बोट पेरभर मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या, नाही तर उद्या. छाटणीनंतर पानं कमी असतात, तेव्हा पाणीही निम्म्यावर आणा.

खत

छाटणीनंतर दहा-बारा दिवसांनी लाल फूट दिसली की खाणं सुरू करायचं. शेंगदाणा पेंड मूठभर, एक लिटर पाण्यात चार दिवस भिजवून, मग दहापट पाणी घालून, प्रत्येक कुंडीला तांब्याभर, दर पंधरवड्याला. वास येतो. बादली झाकून ठेवा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. ज्यांना हे जमत नाही त्यांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात द्यावं. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की मूठभर लाकडाची राख मातीत मिसळली तरी फूल भरतं. चहाचा चोथा घालायचाच असेल तर दूध-साखर पूर्ण धुऊन, वाळवून, कुजवून. तसाच टाकला तर मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात.

काय दिसलं तर काय करायचं

डिसेंबर-जानेवारीत रात्री गार आणि दिवसा ऊब अशी हवा पडली की कोवळ्या पानांवर पिठासारखी भुरी येते. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी लवकर फवारा. निंबोळी तेल फवारलं असेल तर गंधक दोन आठवड्यांनंतरच, नाहीतर पानं भाजतात.

कळी फुगते पण उमलत नाही, पाकळ्यांच्या कडा तपकिरी, पानं वेडीवाकडी. हे फुलकिडे. कळी पांढऱ्या कागदावर झटका, केसासारखे बारीक किडे धावताना दिसतील. बिघडलेल्या कळ्या मोह न धरता तोडून पिशवीत बंद करून टाका, निळे चिकट सापळे लावा, आणि पाच मिली निंबोळी तेल व थोडा साबण एक लिटर पाण्यात घालून आठवड्याच्या अंतराने तीनदा संध्याकाळी फवारा.

फेब्रुवारीनंतर हवा तापली की लाल कोळी येतो. पानं फिकट, धुरकट दिसतात, खालच्या बाजूला बारीक जाळी. त्याला कोरडी धूळ मानवते, आणि बांधकामं चाललेल्या भागात पानांवर धूळ भरपूर असते. सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवा, दिवसाआड, आठवडाभर. सकाळी धुतलेलं पान उन्हात तासाभरात सुकतं, म्हणून इथे काळ्या ठिपक्यांची भीती नाही. बहुतेक वेळा औषधाची गरजच पडत नाही.

गुलकंदासाठी पाकळ्या घेणार असाल तर त्या झाडावर रासायनिक औषध अजिबात नको. वेगळी कुंडी राखून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना ती कुठली ते सांगून ठेवा.

फूल कोमेजलं की नुसती मान मोडू नका. खाली यायचं, पाच पर्णिकांच्या पहिल्या सशक्त पानापर्यंत, आणि त्याच्या वर कापायचं. त्याच डोळ्यातून पुढची फुलाची फांदी येते. असं करत राहिलात तर मार्चपर्यंत बहर चालतो. मार्चच्या शेवटी खत थांबवा, कुंड्या पश्चिमेच्या भिंतीपासून दोन हात पुढे ओढा आणि मातीवर नारळाच्या शेंड्या पसरा. मे संपताना त्या शेंड्या आठवणीने काढून टाका, म्हणजे पहिल्या पावसात बुंधा ओला राहणार नाही.